चिपिंग कॅम्पडेन परिसरातील पायवाटा

चिपिंग कॅम्पडेन हे इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या उत्तर टोकाजवळचे जुने बाजाराचे गाव असून, त्याच्या वेशीपासून चहूबाजूंना शेतांतून, कुरणांतून आणि टेकड्यांच्या माथ्यावरून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांचे दाट जाळे आहे. नावातील ‘चिपिंग’ हे बाजार या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचे रूप होय. या वाटा आज हौसेने चालणाऱ्यांच्या मानल्या जातात. परंतु हौसेसाठी पडलेल्या वाटा त्यांत फार थोड्या. बाजाराला येणे, चर्चला जाणे, धान्य दळून आणणे, जमिनीचा खंड वसूल करणे अशा रोजच्या कामांनी त्या पडल्या आणि ती कामे संपल्यावरही कायद्याच्या आधाराने टिकून राहिल्या.

गावाची भरभराट लोकरीवर झाली. कॉट्सवोल्डच्या चुनखडीच्या टेकड्यांवर पोसलेल्या मेंढ्यांची लोकर चौदाव्या-पंधराव्या शतकांत यूरोपच्या बाजारांत नावाजलेली होती. येथील मोठा लोकरव्यापारी विल्यम ग्रेव्हेल १४०१ मध्ये वारला. सेंट जेम्स चर्चमध्ये त्याचा आणि त्याच्या पत्नीचा कोरीव पितळी स्मृतिपट असून त्याचे घर आजही हमरस्त्यावर उभे आहे. चर्चचा सुमारे १२० फूट उंचीचा मनोरा ही लोकरीच्या पैशाची खूण. परतीच्या वाटेवर गावाची घरे दिसू लागण्याआधी तोच नजरेस पडतो, त्यामुळे नकाशा पिशवीत गेला तरी वाटसरू सहसा चुकत नाही. घरे, चर्च आणि शेतांच्या कडेचे, गाऱ्यावाचून रचलेले गडगे हे सगळे एकाच पिवळसर चुनखडीचे आहेत. हमरस्त्याच्या मध्यावरील बाजारमंडप बॅप्टिस्ट हिक्स या धनिकाने १६२७ मध्ये बांधून दिला. लोणी, चीज आणि कोंबड्या विकणाऱ्यांना पावसापासून आडोसा मिळावा म्हणून उभारलेल्या या चहूबाजूंनी मोकळ्या, कमानदार मंडपाची दगडी जमीन इतकी उंचसखल झाली आहे की, बुटाची नाडी बांधायला टेकलेल्या माणसालाही पाय नीट रोवावा लागतो.

या वाटांचे वेगळेपण त्यांच्या कायदेशीर स्वरूपात आहे. त्यांच्याखालची जमीन बहुतेक ठिकाणी खाजगी असते, मात्र तिच्यावरून चालत जाण्याचा हक्क सर्वांचा असतो. मराठी वाचकाला ‘वहिवाट’ या शब्दावरून त्याची कल्पना येईल. फरक इतकाच की, आपल्याकडे वहिवाटीचा वाद बहुधा आपल्या शेतात पोचू पाहणाऱ्या शेजारच्या शेतकऱ्याचा असतो, तर तेथे ज्याचा त्या शेताशी काडीचाही संबंध नाही अशा परक्या माणसालाही तोच हक्क आहे. १९४९ च्या कायद्याने परगण्यांच्या प्रशासनांवर अशा वाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याची जबाबदारी टाकली. एखाद्या वाटेने लोक २० वर्षे उघडपणे, अखंड आणि कोणाची परवानगी न मागता जात राहिले, तर मालकाने ती वाट सार्वजनिक केली असे १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार गृहीत धरले जाते. आपला तसा हेतू नव्हता हे दाखवणे मग मालकाकडे येते. शेतकऱ्याला शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरता येते, पण त्यानंतर ती ठराविक मुदतीत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. म्हणूनच वसंतात कोवळ्या गव्हाच्या हिरव्या पट्ट्यातून मीटरभर रुंदीची तपकिरी रेघ सरळ पलीकडच्या कुंपणापर्यंत गेलेली दिसते. नवख्या माणसाला पिकात पाऊल घालताना संकोच वाटतो, पण वाट तीच असते. वळूंच्या बाबतीतही कायदा बारकाईने बोलतो: दुभत्या जातीचा १० महिन्यांवरील वळू पायवाट असलेल्या शेतात मोकळा सोडता येत नाही, मांसासाठी पाळलेल्या जातीचा वळू मात्र गायींच्या सोबतीने असेल तर चालतो.

वाटांच्या खुणा साध्या आहेत. खांबावरचा पिवळा बाण केवळ पायी जाणाऱ्यांची वाट दाखवतो, निळा बाण घोडेस्वारांनाही मुभा असल्याचे सांगतो आणि ओकच्या फळाचे चित्र राष्ट्रीय वाटेचे असते. कुंपण ओलांडायला दगडी किंवा लाकडी पायऱ्या असतात, नाहीतर माणूस जाईल पण गुरे अडतील अशी झुलती फाटके असतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. त्यावर प्रत्येक गडगाही उमटलेला असल्यामुळे ‘तिसऱ्या शेतानंतर डावीकडे’ असा हिशेब ठेवून चालता येते. टेकड्यांच्या पायथ्याची जमीन चिकणमातीची असल्याने हिवाळ्यात बुटांना चिखलाचे गोळे लागतात; माथ्यावरील चुनखडीत पाणी लवकर मुरते.

येथील सर्वांत प्रसिद्ध मार्ग ‘कॉट्सवोल्ड वे’ हा होय. बाजारमंडपापासून दक्षिणेला बाथ शहरातील ॲबी चर्चपर्यंत जाणारी ही वाट १०२ मैलांची (सुमारे १६४ किमी.) असून २००७ मध्ये ती राष्ट्रीय वाट म्हणून खुली झाली. तिचा पहिला टप्पा गावाच्या वायव्येकडील डोव्हर्स हिलवर चढतो. तेथे टेकडी एकदम तुटते आणि खाली ईव्हशमचे सपाट खोरे व दूरवर मॅल्व्हर्नच्या टेकड्या दिसतात. रॉबर्ट डोव्हर या वकिलाने सतराव्या शतकाच्या आरंभी (परंपरेनुसार १६१२ मध्ये) याच नैसर्गिक रंगमंडलात ‘ऑलिंपिक’ नावाने खेळ भरवले. त्यांतील नडगीवर लाथा मारण्याची स्पर्धा अजून होते: दोघे एकमेकांचे खांदे धरून उभे राहतात, विजारीत पेंढा कोंबलेला असतो, आणि प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर पाडेपर्यंत लाथा चालू राहतात. १८५२ च्या सुमारास सामाईक जमिनींना कुंपणे पडली आणि खेळ बंद झाले. विसाव्या शतकात ते पुन्हा सुरू झाले. आता खेळांनंतर अंधारात मशाली घेतलेली गर्दी टेकडी उतरून गावात येते. पुढे ही वाट ३१२ मी. उंचीच्या टेकडीवरील, १७९८-९९ मध्ये जेम्स वायटच्या आराखड्यानुसार बांधलेल्या ब्रॉडवे टॉवरकडे जाऊन ब्रॉडवे गावात उतरते. कॅम्पडेनपासून हे अंतर साधारण १० किमी. आहे.

डोव्हर्स हिलच्या पायथ्याच्या बाजूला बर्न्ट नॉर्टन ही वास्तू आहे. १७४१ मध्ये मालकाने स्वतःच आपल्या घराला आग लावली व तो त्यात मेला. जागेच्या नावातील ‘जळके’ हे विशेषण तेव्हाचे. कवी टी. एस. एलियट १९३४ मध्ये कॅम्पडेनला आला असताना येथील बागेत गेला होता आणि त्याच्या प्रसिद्ध कवितेने हेच नाव घेतले.

पूर्वेकडे एब्रिंग्टनवरून चॅरिंगवर्थला जाणारी वाट लांबीने किरकोळ, सुमारे ५ किमी.; पण तिच्याइतका इतिहास परिसरातील दुसऱ्या कोणत्याही वाटेला नाही. १६ ऑगस्ट १६६० रोजी कॅम्पडेनच्या जमीनदार घराण्याचा सत्तरीचा कारभारी विल्यम हॅरिसन खंड वसूल करण्यासाठी याच दिशेने पायी निघाला आणि परतलाच नाही. शोधाशोधीत एब्रिंग्टन व कॅम्पडेन यांच्या दरम्यान त्याची कापली गेलेली टोपी आणि रक्ताळलेली गळपट्टी सापडली. त्याला शोधायला पाठवलेला नोकर जॉन पेरी याने आपल्या आई व भावाने पैशासाठी त्याचा खून केल्याचे सांगितले, आणि प्रेत सापडलेले नसतानाही १६६१ मध्ये तिघांना ब्रॉडवेच्या टेकडीवर फाशी देण्यात आले. पुढल्या वर्षी हॅरिसन जिवंत परत आला. घोडेस्वारांनी आपल्याला पळवून नेले आणि आपण तुर्कस्तानात गुलाम म्हणून विकले गेलो, असे त्याने सांगितले. या कथनावर विश्वास ठेवणे कठीण आहे. पेरीने स्वतःसह घरच्यांना फासावर का चढवले हे तर त्याहून अनाकलनीय आहे. वाट मात्र कुरणांतून शांतपणे जाते, आणि कलत्या उन्हात तिच्या दोहोंबाजूंना मध्ययुगीन नांगरटीचे सरी-वरंबे गवताखालून उठून दिसतात.

दक्षिणेला अर्ध्या तासाच्या चालीवर ब्रॉड कॅम्पडेन ही वाडी असून तेथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे १६६३ चे सभागृह आहे. सी. आर. ॲशबी या वास्तुविशारदाने १९०२ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमधील आपला कारागीर संघ कुटुंबकबिल्यासह कॅम्पडेनला आणला. १९०८ मध्ये संघ बुडाला, तरी चांदीकामाची एक परंपरा जुन्या रेशीम गिरणीत अजून चालू आहे. याच ॲशबीने ब्रॉड कॅम्पडेनमधील एक पडके नॉर्मन चर्च दुरुस्त करून आनंद कुमारस्वामी यांच्यासाठी राहते घर बनवले. भारतीय कलेचे हे थोर अभ्यासक काही वर्षे तेथे राहिले आणि संघाचा छापखानाही त्यांनी त्या घरी चालवला.

याच वाडीवरून जाणारा ‘हार्ट ऑफ इंग्लंड वे’ हा १०० मैलांचा मार्ग ब्लॉकली व बोर्टन-ऑन-द-हिल ही गावे मागे टाकून सेझिनकोटच्या विस्तीर्ण कुरणांत शिरतो. ओकच्या झाडांमागून अचानक हिरवट तांब्याचा मोगल घाटाचा घुमट दिसतो, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेल याच्या घराचा. १८०५ च्या सुमारास त्याचा वास्तुविशारद भाऊ सॅम्युएल याने ते बांधायला घेतले आणि बागेसाठी सल्ला दिला चित्रकार टॉमस डॅनियल याने, ज्याने १७९३ मध्ये मुंबईजवळची लेणी पाहून रेखाटली होती. पायवाटेवरून फक्त घर दिसते. बाग पाहण्यासाठी ती खुली असेल त्या दिवशी तिकीट काढावे लागते. तेथे ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर नंदी बसवलेले आहेत, आणि पुलाखालचे जाड, गोलसर खांब घारापुरीच्या लेण्यांतील खांबांवरून घडवलेले आहेत.