परसबाग सेंद्रिय का झाली : पार्श्वभूमी

घरी भाजीपाला पिकवणाऱ्याला ‘सेंद्रियच का?’ असे विचारले, तर पहिले उत्तर बहुधा पोषणाचे येते. सगळ्यांत कच्चे उत्तरही हेच आहे. 2009 मध्ये ब्रिटनच्या एका सरकारी यंत्रणेने करवून घेतलेल्या आढाव्यात सेंद्रिय आणि रासायनिक पद्धतीच्या अन्नात पोषणाचा लक्षणीय फरक आढळला नाही. 2012 च्या एका अमेरिकी आढाव्यानेही जवळपास तेच म्हटले. सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश कमी सापडतात, एवढी भर घातली. 2014 मध्ये 343 शोधनिबंध एकत्र तपासणाऱ्या संशोधकांना मात्र सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी दिसला. वाद मिटलेला नाही. शिवाय तो मुख्यतः शेतात पिकलेल्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या मालाबद्दलचा आहे. घरामागच्या दोन वाफ्यांबद्दल तो फारसे काही सांगत नाही.

बाग करणाऱ्यांना या मार्गावर आणणारे कारण वेगळे आहे. आपण खाणार त्या पिकाच्या मातीत काय पडले, हे आपल्याला माहीत असावे, ही ती ओढ. ती कशी तयार झाली आणि तिला सर्वांत मोठा धक्का कुठे बसला, हे कळल्याशिवाय आजचा आग्रह समजत नाही.

फार मागे जायचे कारण नाही. रासायनिक खते येण्यापूर्वी शेणखत, पालापाचोळा, राख, हाडांचा चुरा हेच खत होते आणि त्या पद्धतीला वेगळे नावही लागत नव्हते. 1842 मध्ये इंग्लंडमध्ये सुपरफॉस्फेट या रासायनिक खताचे पेटंट निघाले. 1913 मध्ये जर्मनीत हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला आणि नत्रखत पोत्यातून येण्याचा मार्ग मोकळा झाला. थरावर थर रचून, ठरावीक दिवसांनी वरखाली करून खत कुजवण्याची इंदूरमध्ये विकसित झालेली पद्धत 1931 मध्ये पुस्तकरूपाने मांडली गेली. रसायनविरोधी बागकामाला तिथून हाताशी धरायला काहीतरी मिळाले.

दुसऱ्या महायुद्धातल्या घरगुती बागांचे आज कौतुकाने स्मरण होते. अमेरिकेत 1943 मध्ये त्यांची संख्या सुमारे दोन कोटी होती, असे मानले जाते. पण त्या बागा सेंद्रिय होत्या, हा समज चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये 1942 पासून नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी 7 टक्के असलेले मिश्रखत सरकारनेच घरोघरच्या बागांसाठी आणले. युद्ध संपताना, 1945 मध्ये, डीडीटी हे कीटकनाशक अमेरिकेत सर्वसामान्यांना विकत मिळू लागले. पुढची दीड-दोन दशके बागेच्या कपाटात फवारणीचा डबा असणे हे टापटिपीचे लक्षण मानले गेले. 1962 मधल्या एका पुस्तकाने त्या डब्याकडे पाहण्याची नजर बदलली आणि 1972 मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी घातली. इतकी वर्षे ज्याला निर्धोक म्हटले गेले तेच मागे घ्यावे लागले, हा अनुभव लोकांच्या मनातून गेला नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समजही टिकला नाही. झाडाच्या मुळांतून काढलेले रोटेनोन हे कीटकनाशक कित्येक दशके सेंद्रिय बागांत बिनदिक्कत वापरले जात होते. 2000 मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांत त्याने पार्किन्सनसारखी लक्षणे निर्माण होत असल्याचे प्रसिद्ध झाले आणि पुढच्या काही वर्षांत युरोपातल्या बागांतून ते हद्दपार झाले. ग्लायफोसेट या तणनाशकाचे प्रकरण ताजे आहे. मार्च 2015 मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेने ते ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने तसा धोका संभवत नाही म्हटले. सामान्य माणसाने कुणाचे ऐकायचे? ज्या वाफ्यात लहान मूल हात घालून माती उकरते, तिथे पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, असे अनेकांनी ठरवले, आणि ते रास्तच होते. फ्रान्सने 1 जानेवारी 2019 पासून घरगुती बागांत कृत्रिम कीटकनाशके व तणनाशके वापरण्यास मनाई केली.

या सगळ्यापेक्षा शेणखताचे प्रकरण जास्त महत्त्वाचे आहे, कारण तिथे सर्व काळजी घेणाऱ्यांचेच नुकसान झाले. 2000 च्या सुमारास अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कंपोस्ट घातलेल्या बागांतली टोमॅटो आणि घेवड्याची रोपे वेडीवाकडी वाढू लागली. कंपोस्टमध्ये क्लोपायरॅलिड या तणनाशकाचे अंश निघाले. त्याच कुळातले अमिनोपायरॅलिड नंतर ब्रिटनमध्ये आले आणि 2008 च्या उन्हाळ्यात तिथल्या बागांत तेच घडले.

ही रसायने गवताला धक्का न लावता रुंद पानांची तणे मारतात, म्हणून चराऊ कुरणांवर फवारली जातात. जनावर ते गवत खाते. रसायन त्याच्या पोटात फारसे मोडत नाही, शेणामुतातून जसेच्या तसे बाहेर पडते. उकिरड्यात रचलेल्या शेणातही ते बराच काळ टिकते. त्याचे विघटन व्हायला मोकळ्या मातीतले जीवाणू लागतात. घेवडा, वाटाणा, बटाटा, टोमॅटो यांना अब्जात काही भाग एवढे प्रमाणही पुरते. शेंड्याची नवी पाने आत वळून वाटीसारखी होतात, शिरा जवळजवळ आणि समांतर दिसू लागतात, वाढ खुंटते. बऱ्याच जणांनी हा विषाणूजन्य रोग समजून झाडे उपटली आणि पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात पुन्हा तेच शेणखत घातले.

जुलै 2008 मध्ये ब्रिटनमध्ये अमिनोपायरॅलिड असलेल्या तणनाशकांची विक्री थांबवण्यात आली. पुढे झालेला निर्णय वादग्रस्त आहे. चराईपुरता वापर, फवारलेल्या कुरणावरच्या जनावरांचे खत बाहेर जाऊ द्यायचे नाही, अशा अटी घालून 2010 पर्यंत ती पुन्हा बाजारात आली. निर्णयाच्या बाजूने दोन मुद्दे मांडले गेले. एक, अशा भाज्या खाल्ल्याने माणसाला अपाय होण्याची शक्यता नाही. दोन, कुरणातली काही तणे गुरांना आणि घोड्यांना विषारी असतात आणि त्यांच्यावर दुसरे इतके प्रभावी औषध नाही. दोन्ही मुद्दे खरे आहेत. तरीही निर्णय चुकला, असे म्हणावे लागते. अट छापलेली असते डब्यावर, आणि डबा राहतो शेतात. गवताचा पेंढा तबेल्यात जातो, तबेल्यातले खत कुणीतरी गाडीत भरून नेते, ते तिसऱ्याच्या वाफ्यात पडते. या साखळीत प्रत्येक जण आधीच्याला फार तर विचारू शकतो, आणि आधीच्यालाही बहुधा माहीत नसते. नुकसान कुणी भरून द्यायचे, हा प्रश्न निर्णय घेणाऱ्यांनी उघडाच ठेवला.

परिणाम असा झाला की ज्यांनी रसायने टाळण्यासाठी शेणखत धरले होते, त्यांनाच ते तपासून घ्यावे लागले. तपासणी घरच्या घरी होते. काही कुंड्यांत संशयित खत मिसळलेली माती भरायची, काहींत खात्रीची साधी माती, आणि प्रत्येकीत घेवड्याचे दोन-तीन दाणे लावायचे. खताच्या कुंडीखाली वाहून आलेले पाणी दुसऱ्या कुंडीत जाऊ द्यायचे नाही. तीन-चार आठवड्यांत खरी पाने फुटली की दोन्हीकडची रोपे शेजारी ठेवून पाहायची. ज्यांना एवढी वाट पाहायची नाही, त्यांनी बाहेरचे खत आणणेच सोडले. स्वतःच्या अंगणातला पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि वाफ्यातच पेरून गाडलेले ताग किंवा क्लोव्हर यांवर ते भागवतात. खत कमी मिळते, पीकही सुरुवातीला कमी येते. मात्र त्या ढिगातले प्रत्येक पान कुठून आले ते त्यांना सांगता येते.