क्रूझ उड्डाण : वैमानिकाचे अवधान आणि ऑटोपायलट

विमान ठरलेल्या उंचीवर पोहोचल्यापासून उतरायला लागेपर्यंतच्या उड्डाणाच्या मधल्या टप्प्याला क्रूझ म्हणतात. या टप्प्यात जवळजवळ सगळा वेळ विमान ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप उडवणारी यंत्रणा, चालवतो आणि वैमानिकाकडे काम उरते ते राखणीचे. ही राखण माणसाला जड का जाते आणि यंत्राने एकाएकी हात काढून घेतला की काय होते, हा या नोंदीचा विषय.

नकाशावर मुंबई ते बंगळूरु सरळ रेषा ओढली तर ती साताऱ्यावरून आणि सांगलीजवळून जाते. मुंबईहून निघालेले जेट विमान साधारण साताऱ्याच्या पुढेमागे चढण संपवते आणि मिनिटाला सुमारे १४ किलोमीटर वेगाने आठेक मिनिटांत सांगली मागे टाकते. रात्री कृष्णाकाठी उसाला पाणी पाजणाऱ्याला वर एक लुकलुकता दिवा सरकताना दिसतो. त्या दिव्यामागे कॉकपिटमध्ये दोघे बसलेले असतात आणि त्या वेळी बहुधा दोघांपैकी कुणाचाही हात कंट्रोलवर नसतो.

याला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात एकावर एक उडणाऱ्या विमानांत फक्त १,००० फुटांचे अंतर ठेवले जाते. त्यासाठी विमानात उंची आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा असणे नियमानेच बंधनकारक आहे. म्हणजे ऑटोपायलटवर विसंबणे हा कामाचाच भाग आहे. प्रश्न आहे तो विसंबून असतानाही जागे कसे राहायचे हा.

ज्वारी राखायला माळ्यावर बसलेला माणूस जागा राहतो, कारण पाखरे येत राहतात आणि गोफण फिरवावी लागते. पण महिनोन्महिने पाखरूच आले नाही तर? क्रूझमधली राखण अशी असते. पुण्याहून साताऱ्याकडे येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरचेही तेच. खंबाटकीच्या वळणांवर त्याची झोप उडालेली असते. डोळा लागण्याचा धोका घाट उतरून सरळ रस्ता लागल्यावर असतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे मोजून दाखवले. एका कोऱ्या तबकडीवर काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरकत असे आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी टिपायची, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. हे लोक कामचुकार नव्हते. ज्यात काही घडत नाही अशा गोष्टीवर मन फार वेळ ठरत नाही, हा मनाचा धर्मच आहे.

कॉकपिटमध्ये त्यात शरीराचीही भर पडते. हवेचा दाब राखलेला असला तरी आतली हवा ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होऊ शकते, म्हणजे महाबळेश्वरच्याही बऱ्याच वरची. हवा कोरडी, इंजिनाची घरघर एकसुरी, आणि रात्री बाहेर नुसता काळोख.

टिपायचे असते तेही बारीक असते. समोरच्या पडद्याच्या वरच्या कडेला चार-पाच छोटे शब्द दिसतात : वेग कोण सांभाळतो आहे, उंची कशी धरली आहे, दिशा कुठून घेतली आहे. ऑटोपायलटने आपली पद्धत बदलली की त्या शब्दाभोवती सुमारे दहा सेकंद एक चौकट उमटते आणि जाते. त्या दहा सेकंदांत डोळे जेवणाच्या ट्रेकडे असतील, तर नंतर शब्द तेवढा बदललेला दिसतो. तो कधी बदलला, कशाने बदलला, हे कळत नाही.

२९ डिसेंबर १९७२ रोजी मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान असेच खाली आले. पुढच्या चाकाचा दिवा लागेना, म्हणून कॉकपिटमधले सगळे त्या बल्बमागे लागले. त्या गडबडीत कंट्रोलला धक्का लागून उंची धरण्याची सोय सुटली आणि विमान हळूहळू खाली सरकत दलदलीत आदळले. १०१ जण गेले. ते विमान २,००० फुटांवर घिरट्या घालत होते, क्रूझमध्ये नव्हते. पण राखण सुटण्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

भारतीय विमानांतही हे घडले आहे. २६ मे २०१० रोजी दुबईहून पुण्याला येणारे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान ३७,००० फुटांवर असताना कॅप्टन स्वच्छतागृहात गेले. सहवैमानिक खुर्ची पुढेमागे करत असताना कंट्रोलचा दांडा पुढे ढकलला गेला आणि विमान सुमारे ७,००० फूट खाली आले. कॉकपिटचे बंद दार आणीबाणीचा कोड वापरून उघडून कॅप्टन आत शिरले, तेव्हा विमान सावरले. ८ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबईहून ब्रसेल्सला निघालेले जेट एअरवेजचे विमान तुर्कस्तानवर सुमारे ५,००० फूट खाली उतरले. कॅप्टन नेमून दिलेली विश्रांती घेत होते आणि सहवैमानिक टॅबलेटवर कामात होत्या. दोन्ही वेळा कुणाचा जीव गेला नाही.

एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाचे नशीब तसे नव्हते. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर ३५,००० फुटांवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला. वेगाचे आकडे जुळेनात, तेव्हा ऑटोपायलट स्वतःहून बाजूला झाला. कॅप्टन विश्रांतीला गेलेले होते. विमान उडवणाऱ्या सहवैमानिकाने नाक वर उचलले आणि वरच ठेवले. वेगाचे आकडे मिनिटभराच्या आतच पुन्हा नीट दिसू लागले होते, पण तोवर विमान पंखांचा आधार हरवून बसले होते. ऑटोपायलट सुटल्यापासून चार मिनिटे तेवीस सेकंदांत ते समुद्रात पडले. २२८ जण गेले. तासन्‌तास शांत बसलेल्या माणसाच्या हातात यंत्राने विमान दिले ते नेमके सगळ्यात अवघड क्षणी. दोष एकट्या सहवैमानिकावर टाकला की यातले काहीच समजत नाही.

उपाय आहेत, आणि ते साधे आहेत. मार्गावरचा प्रत्येक ठराविक बिंदू ओलांडताना उरलेले इंधन हिशेबाशी ताडून पाहायचे. पडद्यावरचा प्रत्येक बदल तोंडाने मोठ्याने उच्चारायचा आणि दुसऱ्याने त्याला होकार द्यायचा. एकाने विमान सांभाळायचे, दुसऱ्याने सांभाळणाऱ्यावर लक्ष ठेवायचे. झोप येणारच, हे मान्य करून एकाने दुसऱ्याला कळवून थोडा वेळ डुलकी घ्यायची. नासाने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० मिनिटांच्या मोकळिकीत वैमानिक सरासरी २६ मिनिटे झोपले आणि नंतर जास्त सावध राहिले. न कळवता लागलेली झोप वेगळी. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात बाटिक एअरच्या विमानात दोन्ही वैमानिक एकाच वेळी २८ मिनिटे झोपले होते. त्याच महिन्यात भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करण्याचा नियम जाहीर केला.

हाताच्या सरावाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. कराडच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक छोटे विमान हाताने उडवायला शिकतात; व्यावसायिक परवान्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण लागते. पुढे जेटमध्ये गेल्यावर हाताने उडवणे बहुतेक वेळा उड्डाण आणि उतरण्याच्या काही मिनिटांपुरते उरते. २०१३ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने कंपन्यांना वैमानिकांकडून हाताने उडवण्याचा सराव करून घ्यायला सांगितले. पण ३५,००० फुटांवरच्या विरळ हवेत विमान हाताला वेगळेच लागते, दांडा थोडा जरी हलला तरी नाक भलतेच उचलले जाते. आणि त्या उंचीवर प्रवासी घेऊन सराव करता येत नाही. तो करायचा तर सिम्युलेटरवरच, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये.