ब्लॅक पँथर आत्मकथने

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जहाल कृष्णवर्णीय मुक्तिलढ्यात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी स्वतः लिहिलेली, किंवा सांगून शब्दांकित करून घेतलेली कथने. आत्मचरित्रे, तुरुंगातील पत्रे, सामूहिक आत्मकथने आणि ध्वनिमुद्रित मुलाखती यांचा त्यांत समावेश होतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ब्लॅक पँथर पक्षाशी (१९६६–८२) निगडित लेखन विचारात घेतले आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अहिंसक नागरी हक्क चळवळीतील आठवणींचे वाङ्मय विपुल असले, तरी त्याची धाटणी निराळी आहे.

या लेखनाची पूर्वपीठिका सामान्यतः पळून आलेल्या गुलामांच्या आत्मवृत्तांत शोधली जाते. फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मवृत्त त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या आरंभी दोन गौरवर्णीय गुलामगिरीविरोधकांनी लेखकाच्या सचोटीची ग्वाही दिली आहे. सव्वाशे वर्षांनी, १९७० मध्ये, जॉर्ज जॅक्सन यांची तुरुंगातील पत्रे ‘सोलेडाड ब्रदर’ या नावाने निघाली, तेव्हा त्यांना गौरवर्णीय फ्रेंच लेखक झां जने यांची प्रस्तावना होती. हे साम्य निव्वळ योगायोगाचे म्हणता येणार नाही. निकटची परंपरा मात्र दोन पुस्तकांची : रॉबर्ट विल्यम्स यांचे सशस्त्र स्वसंरक्षणाचा पुरस्कार करणारे ‘निग्रोज विथ गन्स’ (१९६२) आणि माल्कम एक्स यांचे, हत्येनंतर काही महिन्यांनी प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र (१९६५). विल्यम्स यांचे पुस्तक क्यूबातील विजनवासात दिलेल्या मुलाखतींवरून संपादित केलेले, तर माल्कम यांचे ॲलेक्स हेली यांनी शब्दांकित केलेले. त्यातून गाळलेल्या मजकुराविषयी बरीच वर्षे तर्क चालू होते. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग या कृष्णवर्णीयविषयक संशोधन केंद्राने लिलावात एक अप्रकाशित प्रकरण मिळविल्यावर त्या तर्कांना काही आधार मिळाला.

शब्दांकन हा या वाङ्मयाच्या अभ्यासातील कळीचा प्रश्न होय. ह्यूई न्यूटन यांच्यासह पक्षाची स्थापना करणाऱ्या बॉबी सील यांचे ‘सीझ द टाइम’ (१९७०) ध्वनिफितींवरून उतरविले आहे आणि त्यातील काही भाग सील सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगात असताना तयार झाला. वाक्ये बोलण्याच्या लयीत वाहतात, संवाद नाट्यमय आहेत, आणि न्यूटन यांच्या तोंडची लांबलचक भाषणे तीन-चार वर्षांनी आठवून सांगितलेली आहेत. ती शब्दशः खरी धरू नयेत, हे उघड आहे. ह्यूई न्यूटन यांच्या ‘रिव्होल्यूशनरी सुइसाइड’ला (१९७३) समाजशास्त्रज्ञ हर्मन ब्लेक यांचे, तर पक्षाचे एक नेते डेव्हिड हिलिअर्ड यांच्या ‘धिस साइड ऑफ ग्लोरी’ला (१९९३) लुइस कोल यांचे साहाय्य होते. न्यूटन यांच्या पुस्तकातील तत्त्वचर्चेचा घाट कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. त्यांची अन्य भाषणे व लेख पाहता विचार त्यांचेच असावेत असे दिसते. प्रकरणांची रचना मात्र निश्चितपणे एकट्याची म्हणता येत नाही.

पक्षाची स्थापना हा या कथनांतला सर्वाधिक चर्चिलेला भाग. न्यूटन आणि सील या दोघांच्याही मते कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ऑक्टोबर १९६६ मध्ये, सील नोकरीस असलेल्या दारिद्र्यनिर्मूलन केंद्राच्या कचेरीत, पक्षाचा दहा कलमी कार्यक्रम लिहिला गेला. न्यूटन सांगत गेले व सील लिहीत गेले. १९७० च्या पुस्तकात सील मसुद्याचे श्रेय जवळजवळ पूर्णपणे न्यूटन यांना देतात आणि स्वतःकडे फक्त सूचना ठेवतात. न्यूटन त्यावेळी तुरुंगात होते आणि त्यांच्या सुटकेची मोहीम जोरात होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते. स्थापनेची तारीख रूढपणे १५ ऑक्टोबर दिली जाते. २२ ऑक्टोबर ही तारीखही आढळते. तो सील यांचा तिसावा वाढदिवस. समकालीन कागदपत्रांतून यांपैकी कोणतीच पक्की होत नाही. कार्यक्रमाची ज्ञात असलेली पहिली छापील प्रत पक्षाच्या वृत्तपत्राच्या दुसऱ्या अंकात, १५ मे १९६७ रोजी, येते. म्हणून काही संशोधक लेखनाचा काळही पुढे ओढतात. तथापि दोन स्वतंत्र कथनांची या बाबतीत एकवाक्यता असल्याने ‘ऑक्टोबर १९६६’ एवढेच म्हणून थांबणे सुरक्षित.

शिवाय ‘ऑक्टोबर १९६६’ या मथळ्याखाली पुढे वारंवार छापला गेलेला पाठ मूळचा नव्हे. तिसऱ्या कलमात कृष्णवर्णीय वस्तीची लूट करणारा ‘गोरा माणूस’ होता. त्याच्या जागी १९६९ मध्ये ‘भांडवलदार’ आला. दहाव्या कलमातील संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत घेण्याची मागणीही मागाहून जोडलेली असावी. पक्षाचा वर्णाकडून वर्गाकडे झालेला प्रवास या दुरुस्तीतून जितका स्पष्ट कळतो, तितका आत्मचरित्रांतून कळत नाही. कारण तेथे नंतरची भूमिका आरंभीच्या दिवसांवर चढवलेली असते. पँथरचे चिन्ह अलाबामातील लाउन्डेस परगण्याच्या मुक्ती संघटनेकडून आले, याबद्दल वाद नाही. न्यूटन यांच्या पुस्तकात तो परगणा मिसिसिपीत गेला आहे, हा स्मृतिदोष.

एकाच घटनेची कथने कालांतराने कशी बदलतात, याचे उदाहरण ६ एप्रिल १९६८ च्या ओकलंड येथील चकमकीचे. किंग यांच्या हत्येनंतर दोन दिवसांनी झालेल्या या चकमकीत पक्षाचा पहिला सदस्य, सतरा वर्षांचा बॉबी हटन, मारला गेला आणि पक्षाचे एक नेते व ‘सोल ऑन आइस’चे (१९६८) लेखक एल्ड्रिज क्लीव्हर जखमी झाले. दोघे एका घराच्या तळघरात अडकले होते आणि आत अश्रुधूर भरला होता. क्लीव्हर यांच्या कथनानुसार, शस्त्र लपवल्याचा संशय येऊ नये म्हणून त्यांनी हटनला कपडे उतरवून बाहेर पडण्यास सांगितले. ते स्वतः विवस्त्र बाहेर आले; हटनने संकोचाने कपडे पूर्ण उतरवले नाहीत. हात वर केलेल्या हटनला पोलिसांनी गोळ्या घातल्या, असे पक्षाचे म्हणणे. तो पळू लागला, असे पोलिसांचे. चकमकीला तोंड कसे फुटले, यावर मात्र पँथरांचेच कथन फिरले. त्या वेळी पोलिसांनी हल्ला केला असे सांगितले गेले. १९८० च्या सुमारास क्लीव्हर यांनी पहिली चाल आपल्या गटाची होती असे मान्य केले, आणि हिलिअर्ड यांचे १९९३ चे कथनही त्याच बाजूचे आहे. हटनच्या मृत्यूची जबाबदारी यामुळे बदलत नाही.

कथन कोणत्या वर्षीचे, हे पाहण्यास आणखी एक कारण आहे. एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेची, चळवळी खिळखिळ्या करण्यासाठीची कोइंटेलप्रो ही गुप्त मोहीम मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मीडिया या गावच्या कार्यालयातून कागद पळविले गेल्यावर उजेडात आली आणि तिचा तपशील सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील सिनेट समितीच्या (चर्च समिती) १९७६ च्या अहवालात आला. कृष्णवर्णीय गटांविरुद्ध मंजूर झालेल्या २९५ कारवायांपैकी २३३ ब्लॅक पँथरांविरुद्ध होत्या. न्यूटन आणि क्लीव्हर यांच्यात १९७१ मध्ये पडलेली फूट रुंद करण्यासाठी बनावट पत्रे धाडली गेली होती. १९७३ मध्ये लिहिताना न्यूटन यांच्यासमोर हे दप्तर नव्हते. त्यांच्या पुस्तकात फुटीचे खापर क्लीव्हर यांच्यावर फुटते. १९७६ नंतरची कथने दप्तर हाताशी ठेवून लिहिलेली आहेत. त्यांच्यात उलट दोष होतो, तो असा की पक्षांतर्गत हिंसा व हुकूमशाहीही हेरांच्या नावावर खपून जाते.

तुरुंग आणि न्यायालय हे या वाङ्मयाचे प्रमुख स्थळ. न्यूयॉर्कच्या एकवीस पँथरांवरील खटल्यातून ‘लुक फॉर मी इन द व्हर्लविंड’ (१९७१) हे सामूहिक आत्मकथन निघाले. बालपण, शाळा, रस्ता, तुरुंग अशा टप्प्यांनी अनेकांची निवेदने त्यात एकमेकांत गुंफली आहेत. अंतिम सुनावणीतील १३ आरोपी मे १९७१ मध्ये सर्व १५६ आरोपांतून निर्दोष सुटले. त्यांपैकी अफेनी शकूर यांनी गरोदर असताना आपली बाजू स्वतः मांडली होती. अँजेला डेव्हिस यांचे आत्मचरित्र (१९७४) टोनी मॉरिसन यांनी संपादित केले. डेव्हिस तेव्हा प्रामुख्याने कम्युनिस्ट पक्षाच्या होत्या. पँथरांशी त्यांचा संबंध थोडा काळ होता, म्हणून त्यांना सरसकट पँथर म्हणणे चूक. असाटा शकूर यांचे ‘असाटा’ (१९८७) बालपणाची व कैदेची प्रकरणे आलटून पालटून मांडते. १९७९ मध्ये त्या तुरुंगातून कशा निसटल्या, याविषयी त्यात अक्षर नाही. साथ देणाऱ्यांना वाचवायचे, तर अन्यथा शक्यही नव्हते. १९७४ ते १९७७ या काळात पक्षाचे नेतृत्व करणाऱ्या इलेन ब्राउन यांचे ‘अ टेस्ट ऑफ पॉवर’ (१९९२) पक्षातील स्त्रियांवरील मारहाण उघडपणे सांगते. काही जुन्या सहकाऱ्यांनी त्यातील प्रसंगांना आक्षेप घेतला. तरी त्यातील पुरुषी सत्तेचे चित्र अन्य कथनांशी जुळते.

मुलांच्या मोफत न्याहारीचा उपक्रम (१९६९ पासून), दवाखाने व शाळा चालविणाऱ्या सामान्य कार्यकर्त्यांची, त्यातही स्त्रियांची कथने तुलनेने थोडी व उशिराची आहेत. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतील क्रांतिकारी कृष्णवर्णीय कामगार संघाचा प्रमाण मानला जाणारा वृत्तांत संघाबाहेरच्या लेखकांचा आहे. चार दशकांहून अधिक काळ एकांतकोठडीत काढलेल्या ॲल्बर्ट वुडफॉक्स यांचे ‘सॉलिटरी’ २०१९ मध्ये आले.

महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती. पुढे १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ब्लॅक पँथरांचे नाव घेतले. संघटना प्रथम कोणाला सुचली आणि तिची स्थापना नेमकी कोणत्या दिवशी झाली, याविषयी नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि राजा ढाले यांच्या मांडणीत फरक आहेत. पवार यांचे कथन कागदपत्रांच्या आधारे अधिक तपशीलवार आहे.