काचेच्या पेल्यांवरील घरगुती नक्षीकाम : पार्श्वभूमी

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचे वा स्टीलचे भांडे घेतले की त्यावर नाव घालून घेण्याची पद्धत जुनी आहे. पूर्वी छिन्नी-हातोडीने आणि आता विजेच्या थरथरत्या पेनने टिंबाटिंबांनी उमटवलेली ‘सप्रेम भेट’ ही अक्षरे घरोघरच्या मांडणीवर दिसतात. काचेला असा ठोका सोसत नाही, तिला तडा जातो. म्हणून काचेवर अक्षर किंवा वेलबुट्टी उमटवण्याची कला धातूच्या वाटेने आली नाही. ती वेगळ्याच वाटेने, आणि बराच काळ माणसांच्या जिवावर बेतत, आपल्यापर्यंत पोहोचली. आज लग्नाच्या रुखवतासाठी कोणी घरीच पेल्यांवर मोर किंवा कुयरी उमटवते, तेव्हा त्यामागे असलेला हा इतिहास माहीत असणे मला आवश्यक वाटते, कारण त्यासाठी वापरतात त्या काच खाणाऱ्या क्रीमच्या बाटलीवरील सूचनांचे कारणही त्यातच आहे.

प्रथम आली ती ओरखड्याची पद्धत. सोळाव्या शतकात व्हेनिसचे कारागीर हिऱ्याच्या टोकाने काचेवर बारीक रेघा ओढत. पुढे प्राग येथे रत्ने कोरणाऱ्या कास्पार लेहमान याने फिरत्या चाकाने काच कोरण्याचे तंत्र इतके पुढे नेले की १६०९ साली सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने त्याला या कामाचा विशेषाधिकार दिला. हे काम अप्रतिम असे, पण हात बसायला वर्षे लागत. घरी हौसेने करण्याजोगे ते नव्हते.

आम्लाने काच खाता येते, हा शोध न्यूरेंबर्गच्या हाइनरिश श्वानहार्ट याला १६७० च्या सुमारास लागला, असे परंपरेने सांगितले जाते. त्यामागचे रसायन मात्र १७७१ मध्ये कार्ल विल्हेल्म शीले याने फ्लोरस्पार या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया करून अभ्यासले. हेच ते हायड्रोफ्लोरिक आम्ल. काचेचा मुख्य घटक सिलिका; एरवी आम्लांना दाद न देणारी ही सिलिका या आम्लापुढे विरघळते आणि वायुरूपाने निघून जाते. म्हणूनच हे आम्ल काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही. त्यातील फ्लोरिन वेगळे काढण्याच्या धडपडीत बेल्जियमचे पॉलँ लुयेत आणि फ्रान्समधील नान्सी शहराचे जेरोम निक्लेस या रसायनशास्त्रज्ञांनी प्राण गमावले. १८८६ साली आँरी मोआसाँ यांना त्यात यश आले आणि १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील स्टाउरब्रिजच्या कारखान्यांनी हे आम्ल सजावटीच्या कामाला जुंपले. पेल्यावर मेणासारखा लेप द्यायचा, नक्षीपुरता तो खरवडायचा आणि पेला आम्लात बुडवायचा, अशी रीत होती. जॉन नॉर्थवुड याने नक्षी गिरवणारी यंत्रे बनवल्याने एकच वेलबुट्टी शेकडो पेल्यांवर हुबेहूब उतरू लागली. १८७० मध्ये फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्गमन याने वाळूच्या फवाऱ्याचे पेटंट घेतले. दवाखान्यांच्या दारांवर दिसणारी दुधी काच पुढे या सँडब्लास्टिंगनेही होऊ लागली.

घरगुती कामाच्या दृष्टीने खरी कलाटणी मात्र एका लहानशा निरीक्षणाने दिली. नुसते हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते, पण खाल्लेला भाग बराचसा नितळच राहतो. त्यात अमोनियमचे क्षार मिसळले, तर पृष्ठभागावर सूक्ष्म स्फटिक जमतात. ते मधली मधली काच झाकतात, आजूबाजूची काच खाल्ली जाते, आणि धुतल्यावर उरतो तो एकसारखा खरबरीत, धुरकट पोत. आजच्या एचिंग क्रीममध्ये, म्हणजे काच खाणाऱ्या बाजारी लेपात, बहुधा अमोनियम बायफ्लोराइड हा असाच क्षार असतो आणि ते दाट लेपात कालवलेले असल्याने ओघळत नाही. काही मिनिटांत ते आपले काम करते, फार खोल जात नाही. लेप ओला असताना नक्षी नीट दिसत नाही. पेला धुऊन कोरडा पुसला की ती पांढरी उमटते.

हे साधन हाताशी येण्याआधी घरात काच यावी लागली. १९०८ साली लोकांनी पैसा पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला आणि १९१६ पासून ओगले बंधूंच्या कारखान्याने काच महाराष्ट्रभर पोहोचवली; त्यांचा प्रभाकर कंदील आजही जुन्या लोकांच्या स्मरणात आहे. नाशिकमध्ये या शतकात वायनरींमुळे उंच दांड्याचे पेलेही लोकांच्या परिचयाचे झाले. मेणाच्या लेपाची जागा आता चिकट विनाइलने घेतली आहे, आणि ते कापून देणारा कारागीर शोधावा लागत नाही : गाड्यांवर चिकटवायची अक्षरे यंत्रावर कापणारे रेडियमवाले त्याच यंत्रावर कुयरीही कापून देतात.

क्रीम आम्लापेक्षा सौम्य असले, तरी त्यातील फ्लोराइड तेच आहे. ते त्वचेतून आत जाऊन शरीरातील कॅल्शियमला बांधते, आणि वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होते. म्हणून रबरी हातमोजे, चष्मा व उघडी खिडकी टाळता येण्याजोगी नाही, आणि मुलांना हे काम देऊ नये. लेप लागल्यास भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे आणि बाटली सोबत न्यावी, कारण यावर कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जेलसारखे वेगळे उपचार लागतात. पेले ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून हे काम करू नये; त्या दगडातही सिलिका असते आणि सांडलेल्या थेंबाने त्याची झिलई कायमची जाते. प्लॅस्टिकचा ट्रे पुरतो.