बदनाम बॉम्बर आणि वेगाचा वर्ग

दुसऱ्या महायुद्धातल्या 'शापित' विमानांच्या याद्या समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतात. मार्टिन कंपनीचं बी-26 मरॉडर त्यांत हटकून असतं. 'विडोमेकर', म्हणजे बायकांचं कुंकू पुसणारं, हे त्याचं टोपणनाव. फ्लोरिडात टॅम्पाजवळ मॅकडिल तळावर शिकणारी पोरं 'रोज एक, टॅम्पाच्या खाडीत' असं यमक जुळवून म्हणायची. रोज एक पडत नव्हतं, पण तीस दिवसांत पंधरा विमानं गेल्याचं सांगितलं जातं. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणारे फक्त आपल्याकडेच असतात, असं नाही. धातूच्या यंत्राला पनौती ठरवणं सगळीकडे सोपंच असतं, कारण मग गणित करावं लागत नाही. आपण ते करू.

1939 मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाला वेगवान मध्यम बॉम्बर हवं होतं, आणि तेही घाईने. पेटन मॅग्रूडर या तरुण अभियंत्याचा आराखडा पसंत पडला आणि चाचणीचा नमुना न बनवताच थेट कागदावरून मागणी गेली. 25 नोव्हेंबर 1940 रोजी पहिलं विमान उडालं, ते कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलंच. प्रत्येकी 1,850 अश्वशक्तीची दोन इंजिनं, टॉर्पेडोसारखं गोल, गुळगुळीत धड आणि वेग ताशी 500 किलोमीटरच्या वर. एवढा वेग मिळवण्यासाठी पंख मात्र तोकडे ठेवले होते.

खरी मेख या पंखांत आहे. विमानाचं वजन भागिले पंखांचं क्षेत्रफळ म्हणजे पंखभार. सुरुवातीच्या मरॉडरचं वजन सुमारे साडेचौदा टन आणि पंख 56 चौरस मीटर, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 260 किलो. आपल्याकडे डाकोटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डीसी-3 चा हाच आकडा 125 च्या आसपास होता. पंखाची वर उचलणारी ताकद हवेची घनता, पंखाचं क्षेत्रफळ, पंख हवेला किती कलता धरला आहे त्यावर ठरणारा एक गुणक आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. कल एका मर्यादेपलीकडे नेला की पंखावरून वाहणारी हवा त्याला सोडून देते आणि विमान कोसळू लागतं, यालाच स्टॉल म्हणतात. तेव्हा कल वाढवायला जागा नसेल आणि पंखभार दुप्पट असेल, तर वेगाचा वर्ग दुप्पट हवा, म्हणजे वेग सुमारे 1.4 पट. मरॉडर उतरवताना धावपट्टीकडे ताशी 240 किलोमीटरने यावं लागे. संथ विमानांवर शिकलेल्या विशीतल्या पोराचा हात आपोआप वेग कमी करायला जाई आणि तिथेच घात होई.

दुसरा घात त्याहून मजेदार आहे (वाचणाऱ्यासाठी, उडवणाऱ्यासाठी नव्हे). बैलगाडीचा एक बैल खाली बसला आणि दुसरा ओढतच राहिला, तर गाडी गोल फिरते. उड्डाणाच्या वेळी एक इंजिन गेलं की विमानाचंही तेच होतं. त्याला सरळ ठेवतं शेपटीवरचं सुकाणू. पण सुकाणूची ताकदही वेगाच्या वर्गावरच अवलंबून, तर चालू इंजिनाची ओढ वेग कमी झाला म्हणून काही घटत नाही. म्हणजे एक असा वेग असतो, ज्याच्या खाली सुकाणू पूर्ण दाबलं तरी हरतं. मग चालू इंजिनाच्या बाजूचा, पुढे फिरणारा पंख जास्त उचलला जातो, मागे राहिलेला खाली जातो आणि विमान उताणं होतं. मरॉडरमध्ये चाकं जमीन सोडल्यावरही हा वेग गाठायला काही सेकंद लागत, आणि नेमकं तेव्हाच इंजिन रुसलं तर दोनच पर्याय उरत: दुसऱ्या इंजिनाचा जोर कमी करून समोर दिसेल तिथे उतरायचं, नाहीतर उलटायचं. आज दोन इंजिनांच्या छोट्या विमानांच्या वेगमापकावर या वेगाशी लाल रेघ ओढलेली असते.

त्यात आणखी एक भानगड. प्रोपेलरच्या पात्यांचा कोन विजेच्या मोटरने बदलत असे. जमिनीवर तपासण्या करताना बॅटरी उतरली, तर ऐन उड्डाणात पाती सपाट होत, प्रोपेलर बेफाम फिरे आणि ओढ नाहीशी होई. खाडीत पडलेल्या काही विमानांचा शाप म्हणजे उतरलेली बॅटरी होती.

तेव्हा सिनेटर असलेल्या हॅरी ट्रुमन यांच्या चौकशी समितीपर्यंत प्रकरण गेलं. कंत्राट रद्द होईल असा दम मिळाल्यावर कंपनीचे संस्थापक ग्लेन मार्टिन पंख वाढवायला तयार झाले. पंख 61 चौरस मीटरचे झाले. प्रश्न सुटला, असं बरेच लेख इथे सांगून मोकळे होतात. पण मोठ्या पंखांवर हवाई दलाने जास्त वजन चढवलं. पावणेसतरा टनांना 61 ने भागा: 275. पंखभार कमी व्हायच्या ऐवजी वाढला! तरीही अपघात घटले, कारण शिकवणं बदललं. जिमी डूलिटल यांच्यासारख्या नामांकित वैमानिकांनी एक इंजिन बंद ठेवून विमान उडवून दाखवलं, सरावाचे तास वाढले, मेकॅनिकही तयार झाले. कॅन्ससमधल्या डॉज सिटीत महिला वैमानिकांना हेच विमान शिकवलं गेलं. त्या नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्यं ओढत नेत.

लढाईतही असंच झालं. 17 मे 1943 रोजी हॉलंडमधल्या आयमाउडनवर जमिनीलगत उडत अकरा मरॉडर निघाली. एक बिघाडामुळे परतलं, उरलेल्या दहांपैकी एकही आलं नाही. त्यानंतर ती साडेतीन किलोमीटरच्या आसपास उंचीवरून, लढाऊ विमानांच्या संरक्षणात जाऊ लागली आणि युरोपात नुकसानीचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आलं, अमेरिकी बॉम्बरांमध्ये सगळ्यात कमी. 'फ्लॅक बेट' नावाच्या एका मरॉडरने दोनशेहून अधिक मोहिमा केल्या. ते स्मिथसोनियन संग्रहालयाने जपलं आहे.

शोधायला बसलात तर एक लक्षात ठेवा: 1948 मध्ये बी-26 हा क्रमांक डग्लस कंपनीच्या इन्व्हेडर या वेगळ्याच विमानाला दिला गेला. कोरियाच्या युद्धातलं बी-26 कुणी मरॉडर म्हणून दाखवलं, तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा.