भारवाही पिन

भारवाही पिन म्हणजे दोन बाजूंच्या पट्ट्या आणि त्यांमधला कान यांच्या भोकांतून आरपार जाऊन ओझे पेलणारी पोलादी पिन. चेनपुली, हायड्रॉलिक सिलिंडर, ट्रॉलीची दांडी या सर्वांत ती असते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अशा पिना ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या गोल बारमधून लेथवर काढतात. चिकोडी, अथणी, संकेश्वर भागात ऊसहंगामात ट्रॅक्टरमागे मात्र पिनेच्या जागी बांधकामाची सळईही सर्रास दिसते.

पिन कातरून तुटेल एवढाच हिशेब बहुतेक जण करतात. प्रत्यक्षात ती बहुधा आधी वाकते. स्थिर टांगलेला ५ टन भार घ्या, म्हणजे सुमारे ५०,००० न्यूटन. नॉर्मलाइज केलेल्या, म्हणजे तापवून हवेत थंड केलेल्या, ईएन-८ ची यील्ड, म्हणजे ज्यापुढे ते कायमचे वाकते तो ताण, २८० न्यूटन प्रति चौ. मिमी धरली आणि त्याच्या एक-चतुर्थांशच वापरायचा, म्हणजे सुरक्षा गुणक ४ ठेवला, तर वाकण्याचा ताण ७० आणि कातरण्याचा सुमारे ४० च्या आत हवा. पिन दोन जागी कातरली जाते, म्हणून प्रत्येक छेदावर २५,००० न्यूटन येतात. त्यासाठी ६२५ चौ. मिमी क्षेत्रफळ, म्हणजे २८ मिमी व्यास पुरतो.

आता वाकणे पाहू. कान ३० मिमी, बाजूच्या पट्ट्या १६ मिमी आणि दोन्हीकडे २ मिमी फट. पट्टीची निम्मी जाडी, फट आणि कानाची पाव जाडी यांची बेरीज १७.५ मिमी होते. तिला २५,००० ने गुणले की वाकवणारा मोमेंट (बल गुणिले अंतर) ४,३७,५०० न्यूटन-मिमी. त्याची ३२ पट करून π (३.१४) आणि ७० यांच्या गुणाकाराने भागावे आणि घनमूळ काढावे. व्यास येतो ४० मिमी. हाच खरा आकडा.

फट २ ऐवजी १० मिमी झाली, तर त्याच ४० मिमी पिनेतला ताण १०० च्या वर जातो आणि गुणक ३ च्याही खाली येतो. म्हणून आधी वॉशर घालून फट बुजवावी; जाड पिन शोधण्यापेक्षा ते स्वस्त पडते. भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत भोकाच्या व्यासाच्या किमान दीडपट अंतर ठेवावे, नाहीतर पिन शाबूत राहून कानच फाटतो.

ट्रॉलीच्या पिनेवर उसाचे सगळे वजन येत नाही, ओढ येते. काट्यावर १० टन भरलेली ट्रॉली दहास एक चढावर ओढताना चढाचीच ओढ सुमारे १ टन असते. चाकांचा विरोध वेगळा. दोन ट्रॉल्या जोडल्या की पुढच्या पिनेवर दोन्हींची ओढ येते. क्लच झटक्यात सोडला किंवा भोक लंबगोल झाले असले, तर धक्का याच्या कितीतरी पट होतो. तेव्हा धक्क्यासह भार धरूनच वरचा हिशेब करावा.

पिन निसटू नये म्हणून घालायच्या दुपाखी स्प्लिट पिनेचे भोक आणि आटे कातरण्याच्या छेदावर येऊ देऊ नयेत. भेग तिथूनच सुरू होते. ईएन-८ मध्ये कार्बन सुमारे ०.४ टक्के असतो, त्यामुळे न तापवता डोके वेल्ड केले तर वेल्डशेजारी तडा जातो. मोडक्या ॲक्सलचा कडक तुकडा पिन म्हणून वापरणे धोक्याचे, कारण तो न वाकता एकदम तुटू शकतो. वाकलेली पिन ठोकून सरळ करू नये. ४० मिमीची पिन झिजून ३६ वर आली की वाकण्याची ताकद २७ टक्क्यांनी घटते, आणि ती बदलावी.