प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे दीर्घायुष्य

प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कारखान्यात तयार झालेली, मूळ इटालियन फियाट ११०० वर बेतलेली चार दारांची मोटार. मुंबईकर तिला अखेरपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. याच बांध्याची गाडी कुर्ल्याला १९६४ पासून २००० च्या सुमारापर्यंत निघत होती आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २९ ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत धावली. इटलीत ११०० ची मालिका १९६९ मध्येच संपली होती. म्हणजे मायदेशात बंद पडल्यावरही या गाडीने परक्या शहरात अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोकांना घरी पोचवले. एखादे मोटार मॉडेल आपल्या बरोबरीच्या गाड्यांपेक्षा रस्त्यावर जास्त का टिकते, हे समजून घ्यायला कोलकात्याची अँबॅसडर सोडली तर भारतात याहून चांगले उदाहरण नाही.

या प्रश्नाचे सगळीकडे ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘जुन्या गाडीचा पत्रा जाड, लोखंड चांगले’. पद्मिनीच्या बाबतीत ते टिकत नाही. मुंबईची खारट, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस कोणत्याही पत्र्याला सोडत नाही. पद्मिनीला वेगळी चासी नव्हती. बॉडी हाच तिचा सांगाडा होता. त्यामुळे तळाचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या आणि चाकांवरच्या कमानी गंजू लागल्या की गाडीच्या जिवावरच बेतायचे. तरीही ती धावत राहिली, कारण गंजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा गॅस वेल्डिंगने जोडणारे, लांबी (खड्डे बुजवायचा लुकणासारखा लगदा) भरून, घासून, काळा-पिवळा रंग मारून गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, उभी करणारे कारागीर शहरभर होते. लोखंड झिजत होते आणि माणसे ते पुन्हा घडवत होती. पद्मिनीचे आयुष्य या माणसांच्या हातात होते, आणि म्हणून ते कारखान्यापेक्षा गॅरेजमध्ये शोधावे लागते.

कारखान्याची हकीकत थोडक्यात अशी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई. १९५० च्या दशकात फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, पुढे तिचे नाव प्रेसिडेंट झाले आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून पद्मिनी. नावे बदलली, बांधा मात्र तोच राहिला. उत्पादनासाठी सरकारी परवाना लागणाऱ्या त्या काळात देशात मोटारी बनवणारे कारखाने मोजकेच होते आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. स्पर्धाच नसल्याने मॉडेल बदलण्याची गरज कारखान्याला पडली नाही. नवी गाडी घेणाऱ्याला हा अन्यायच होता. पण जुनी गाडी चालवणाऱ्याला त्याचा अनपेक्षित लाभ झाला : १९७० च्या गाडीचे दार, गिअरबॉक्स किंवा पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) १९९० च्या गाडीला बसवता येत आणि उलटही. दर चार-सहा वर्षांनी रूप बदलणाऱ्या मॉडेलला हे भाग्य लाभत नाही. त्याचे सुटे भाग प्रत्येक पिढीगणिक वेगळे होतात आणि प्रत्येक पिढीचा साठा तुटपुंजा राहतो.

रचनाही दुरुस्तीला अनुकूल होती. इंजिन १०८९ घनसेंमी क्षमतेचे, चार सिलिंडरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे. समोर लांबीच्या दिशेने बसवलेले आणि मागची चाके फिरवणारे. या मांडणीमुळे इंजिन न काढता गिअरबॉक्स खाली उतरवता येई आणि क्लच प्लेट बदलणे हे एका पाळीच्या आतले काम असे. कार्ब्युरेटर, कॉइल, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट या साऱ्या वस्तू डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताने उघडून साफ करता येणाऱ्या. गाडी रस्त्यात बंद पडली तर पॉइंटवर (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर) पॉलिश पेपर फिरवून किंवा जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे बारीक छिद्र) फुंकून ती चालू करणे बहुतेक चालकांना येत असे. इंजिन तेल खाऊ लागले की सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून, मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे. बोअर करायला जागा उरली नाही की स्लीव्ह (आतली नवी नळी) बसवून पुन्हा मूळ मापावर यायचे. क्रँक घासून कमी मापाचे बेअरिंग घालायचे. असे इंजिन पुनःपुन्हा बांधता येते. हे काम करणारी लेथ यंत्रे मुंबईच्या औद्योगिक वस्त्यांत होती, कोल्हापूरच्या उद्यमनगरात होती, जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावी होती.

पण साधेपणा एवढेच कारण असते, तर स्टँडर्ड हेराल्डही टिकली असती. मद्रासला तयार होणारी ही गाडी दुरुस्तीच्या दृष्टीने पद्मिनीपेक्षाही सोयीची होती. तिला वेगळी चासी होती, बॉडीचे भाग नटबोल्टने जोडलेले होते आणि पुढचे अख्खे बॉनेट उचलले की इंजिन तिन्ही बाजूंनी उघडे पडे. तरीही ती रस्त्यावरून केव्हाच दिसेनाशी झाली. ती थोड्याच संख्येने तयार झाली आणि एखाद्या मोठ्या शहराची टॅक्सी कधीच बनली नाही. मॉडेल टिकण्यासाठी त्याच्या हजारो गाड्या एकाच ठिकाणी, एकाच कामाला लागलेल्या असाव्या लागतात. तेव्हाच त्या मॉडेलचे भाग ठेवणे दुकानदाराला परवडते आणि पोऱ्या म्हणून गॅरेजात आलेला मुलगा एकाच इंजिनावर हात बसवून मिस्त्री होतो.

मुंबईने हे केले. अँबॅसडरपेक्षा लहान, हलकी आणि कमी पेट्रोल खाणारी म्हणून पद्मिनी इथल्या गल्ल्यांना मानवली; चार मीटरच्या आतल्या लांबीत चार उतारू, डिकीत बोचकी आणि कॅरिअरवर ट्रंका मावत. टॅक्सीच्या अर्थकारणाने तिला आणखी धरून ठेवले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे भाडे मीटरने ठरते. गाडी कालची असो वा वीस वर्षांची, साध्या टॅक्सीतला उतारू किलोमीटरला तेवढेच पैसे देतो. मग हप्ते फिटलेली जुनी गाडी सोडून कर्जाची नवी घेण्यात चालकाचा फायदा काय? खरी किंमत टॅक्सीच्या परवान्याची होती, गाडीची नव्हे. शिवाय अनेक टॅक्सी दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोन हातांत फिरत. अशा धंद्यात गाडी किती वेळा बिघडते यापेक्षा बिघडल्यावर किती वेळात पुन्हा उभी राहते याला महत्त्व येते. वर्षात एकदाच बिघडणारी पण भागासाठी आठवडाभर अडकून पडणारी गाडी टॅक्सीवाल्याला नको असते. महिन्यातून दोनदा अडणारी, पण तासाभरात सुटणारी चालते. टिकाऊपणाची ही व्याख्या मोटारींच्या जाहिरातीत कधी सापडत नाही, पण रस्त्यावर हीच खरी ठरते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सींना सीएनजीवर येणे भाग पडले. यामुळे पद्मिनी संपेल असे वाटणे साहजिक होते, पण झाले उलटेच. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला गॅसचा मिक्सर जोडणे सोपे असते. डिकीत टाकी बसली, उतारूच्या सामानाची जागा गेली, पण किलोमीटरमागचा खर्च इतका उतरला की जुनी गाडी ठेवणे अधिकच परवडू लागले. कोरड्या गॅसने व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात. तेवढे हेडचे (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचे) काम मिस्त्रींच्या वाट्याला वाढले.

भंगाराचाही यात मोठा हात आहे. कुर्ल्यातील सीएसटी रोडची आणि चोरबाजारातील दुकाने मेलेल्या गाड्यांच्या भागांवर जिवंत गाड्या चालवत. एखादे मॉडेल निवृत्त होऊ लागले की सुरुवातीला उरलेल्या गाड्यांचे दिवस उलट बरे येतात : मोडीत निघणाऱ्या गाड्या वाढतात, मागणारे कमी होतात, दारे-काचा-गिअरबॉक्स स्वस्त होतात. मात्र हे सुख धातूच्या आणि काचेच्या भागांपुरतेच. रबरी बुश, ऑइल सील, गॅस्केट, क्लच प्लेट, ब्रेकचे वॉशर या वस्तू भंगारातून घेऊन चालत नाही. त्या नव्याच लागतात. त्या बनवणारे छोटे कारखानदार मागणी एका मर्यादेखाली गेली की साचा बाजूला ठेवून दुसरे काम धरतात. त्याच सुमारास मिस्त्रीही नव्या गाड्यांकडे वळतात. मॉडेल संपते ते बहुधा असे : इंजिन धडधाकट असते आणि दोन-चार रुपयांचा सील मिळत नाही.

जगात इतरत्रही हाच नियम दिसतो. मोरोक्कोत मर्सिडीझ २४० डी, पश्चिम आफ्रिकेत पूजो ५०४, मेक्सिको सिटीत फोक्सवॅगन बीटल : तिन्ही ठिकाणी मोठी संख्या, बदल न होणारे मॉडेल आणि टॅक्सीचा धंदा एकत्र आले. बीटलचे उत्पादन तर मेक्सिकोत २००३ पर्यंत सुरूच होते. क्यूबाची गोष्ट निराळी आहे. तिथे १९५० च्या दशकातील अमेरिकी गाड्या सुटे भाग मिळत होते म्हणून टिकल्या नाहीत. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे भाग येणेच थांबले होते. त्या टिकल्या कायद्यामुळे. २०११ पर्यंत त्या देशात मुक्तपणे खरेदी-विक्री करता येणाऱ्या गाड्या म्हणजे १९५९ च्या क्रांतीपूर्वीच्या. ज्याला स्वतःची गाडी हवी त्याला शेव्हरोलेच जगवावी लागे, मग आत सोव्हिएत बनावटीचे डिझेल इंजिन बसवून का होईना. बाहेरचे रूप जुने आणि पोटातले सारे बदललेले, अशी ती गाडी. तिथल्या कारागिरांचे कसब थोर आहे, पण ते सक्तीतून आलेले आहे, हे तिचे छायाचित्र पाहताना विसरू नये.

मुंबईत कायद्याने नेमके उलटे केले. टॅक्सीसाठी २००८ मध्ये २५ वर्षांची वयोमर्यादा आली आणि २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आणली गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. तिची वीस वर्षे २०२३ मध्ये भरली. तोवर सँट्रो, वॅगन आर, ओम्नी, ईको यांनी स्टँड व्यापले होते. वयोमर्यादेमागची काळजी खरी आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, टकरीत माणसाला वाचवणारी कोणतीही आधुनिक सोय नव्हती आणि बहुतेक गाड्यांत धूर शुद्ध करणारे यंत्र नव्हते. उतारूच्या जिवाची किंमत जुन्या गाडीच्या मायेपेक्षा मोठी आहे. पण गाडीची प्रकृती न तपासता केवळ नोंदणीची तारीख पाहण्याने एक नुकसान होते : नीट राखलेली आणि हेळसांड झालेली गाडी एकाच दिवशी मोडीत जाते, आणि नीट राखणाऱ्याच्या मेहनतीला काही मोल उरत नाही. दरवर्षीची पासिंग तपासणी कडक आणि प्रामाणिक करणे अवघड होते; तारीख लावणे सोपे होते. निवड सोप्याची झाली.

खासगी पद्मिनीला ही वीस वर्षांची मर्यादा लागू नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते, आणि महाराष्ट्रात अशा गाड्या अजून हौसेने राखल्या जातात. त्यांच्या मालकांची धडपड आता मुख्यतः रबरी भागांसाठी आणि स्टिअरिंगवरच्या गिअरची जोडणी नीट बसवू शकणाऱ्या जुन्या मिस्त्रींसाठी असते. काही जण दुसऱ्या गाडीचे बुश लेथवर उतरवून बसवतात, काही जण पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक लावून घेतात.